काठोकाठ भरलेला कॅन

लघवीवर लिहायला बसले आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, दुसरं काही सुचलं नाही का तुला?" नाही सुचलं. दोन वर्षं मी दुसरं काही केलंच नाही तर सुचणार कुठून? डहाणू आणि तलासरीच्या गावांत फिरायचं, बायकांची चोवीस तासांची लघवी गोळा करायची, मोजायची, लहान नळ्यांत भरून बर्फाच्या पेटीतून मुंबईला पाठवायची. लोकांच्या मुली बँकेत लागतात, माझ्या आईची मुलगी हे करायची. शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, "औषधांच्या संशोधनात आहे." ते काही खोटं नव्हतं.

संशोधन मिठाचं होतं. माणूस दिवसाला किती मीठ खातो हे त्याला विचारून कळत नाही. विचारलं की सगळे सांगतात, "चिमूटभर." आता चिमूट कुणाची, माझी की सुकी मासळी खारवणाऱ्या बाईची? पण खाल्लेलं मीठ दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे तोंड काहीही सांगो, शरीर खरं सांगतं. म्हणून आम्ही बायकांना पाच लिटरचा पांढरा कॅन आणि एक प्लास्टिकचा मग द्यायचो. सकाळची पहिली वेळ सोडायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत जेवढी होईल तेवढी सगळी कॅनमध्ये. सांगायला सोपं आहे. करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

मी मूळची गंजाडची, शेतकऱ्याची मुलगी. फार्मसीचा डिप्लोमा झाल्यावर सहा वर्षं मसोलीच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर होते. तिथले सगळे मला "पुन्हा बघू" म्हणायचे, कारण गोळ्या दिल्यावर गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत मी म्हणायचे, "थांबा, पुन्हा बघू." एकदा एका बाईमागे रिक्षा स्टँडपर्यंत धावत गेले होते. गोळ्या बरोबरच होत्या. ती बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला वेड लागलंय. स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि औषधांच्या दुकानात बसून मला ते पुरतं पटलं होतं.

तर त्या वर्षी दिवाळीनंतरच्या दिवसांत तलासरीकडच्या पाड्यांतले कॅन अर्धेमुर्धे यायला लागले. भातकापणी चालली होती. बायका दिवसभर शेतात, आणि एक जण मला म्हणाली, "म्हणजे विळा एका हातात नि तुमचा कॅन दुसऱ्या हातात?" आमचे सर मुंबईहून फोनवर चिडले. अर्ध्या कॅनचं मीठ अर्धंच निघणार, मग मी त्याचं काय करू, यापुढे कमी कॅन दिसला की त्या बाईचं नाव काढून टाका, म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं, पण मला लागलं. दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं.

आणि मग मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं.

पुढच्या रविवारी डहाणूच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीत कॅन वाटायचे होते. तिथल्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, माझ्याबरोबर होत्या. त्या तिथल्याच, गावातल्या गरोदर बायका आणि लहान पोरं त्यांच्या नजरेखाली. सहा बायकांना गोळा करून मी गल्लीत उभी राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "कॅन भरून आला पाहिजे. अर्धा आला तर नाव कट. मग डॉक्टरांची तपासणी नाही नि काही नाही." सांगायचं होतं "जेवढी होईल तेवढी सगळी." शंभर वेळा मी तेच सांगत आले होते. त्या दिवशी रागाच्या भरात "भरून" म्हणाले, आणि ज्या बाईने आयुष्यभर शब्द तोलून औषधं दिली तिला हा शब्द पुन्हा बघावासा वाटला नाही.

त्या सहा जणींत एक मावशी होत्या. साठीच्या, काटकुळ्या, सुके बोंबील विकणाऱ्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीला ब्लडप्रेशरने अर्धांगवायू झाला आणि ती वर्षभर खाटेवर पडून गेली. त्यामुळे आमच्या अभ्यासात मिळणाऱ्या तपासणीचा मावशींना केवढा आधार वाटायचा! मी "नाव कट" म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. पाहिला आणि पुढच्या बाईला लेबल चिकटवून दिलं.

मावशींच्या घरात त्या सकाळी गडबड होती. त्यांच्या सुनेला आठवा महिना लागला होता, दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी झाईला जाणार होती. म्हणून बांगड्या भरायला कासारीण आली होती. मावशींचा मुलगा बोटीवर, समुद्रात. ओट्यावर बायका जमलेल्या. सुनेच्या हातात तिच्या नेहमीच्या मापाची बांगडी काही केल्या जाईना. कासारणीने साबण लावला, हात दाबला, पोरगी "आई गं" म्हणून ओरडली, शेवटी दोन मापं मोठी बांगडी काढावी लागली. बायकांना विषयच मिळाला. "माहेरचं नाव काढलं नि फुगली बघ!" एक म्हणाली. मी कॅनचं झाकण घट्ट करता करता म्हणाले, "आता माहेरी गेल्यावर तर दारातून मावायची नाही." सगळ्या हसल्या, सूनही हसली. माझाच विनोद मला आवडला होता.

सहा वर्षं काउंटरवर ब्लडप्रेशरची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचे, "हातपाय सुजतात का?" आणि डोळ्यांसमोर सुजलेला हात असताना मी विनोद केला. ही गोष्ट लिहायला घेतली ती खरं तर या एका वाक्यासाठी.

सोमवारी सकाळी साडेआठला मी कॅन गोळा केले. मावशींचा कॅन काठोकाठ भरलेला होता. कड्याला त्यांनी आपली खूण म्हणून लाल चिंधी बांधली होती. मी खूश झाले. "शाब्बास मावशी! असा पाहिजे कॅन!" त्याही लाजून हसल्या. एवढीशी बाई, दिवसभर बाजारात उन्हात बसणारी, आणि पाच लिटर! माझ्यासारख्या शंकेखोर बाईला शंका यायला नको? पण सरांचा फोन डोक्यात होता, आणि भरलेल्या कॅनवर मी शंका घेतली नाही.

सरवलीला आम्ही भाड्याने एक खोली घेतली होती. तिथे कॅन आणून मोजायचे, ढवळायचे, आणि नळ्या भरायच्या आधी प्रत्येकात एक तपासणीची पट्टी बुडवून रंग लिहायचा. लघवीत प्रथिनं जात नसली तर त्या पट्टीचा एक चौकोन पिवळा राहतो. जात असली तर हिरवा होतो. पाच कॅन पिवळे आले. मावशींच्या कॅनमधली पट्टी एका मिनिटात गडद हिरवी झाली.

मी म्हटलं, पट्टी खराब असेल. दुसरी बुडवली. हिरवी. तिसरी बुडवली. हिरवीच.

मावशींची किडनी गेली की काय? बहिणीसारखं यांचंही ब्लडप्रेशर वाढून किडनीला मार बसला असणार, आणि आता हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? पट्ट्यांची डबी आणि प्रेशरचं मशीन पिशवीत टाकलं, आशाताईंना फोन केला आणि रिक्षा करून परत वस्तीत गेले. मावशी ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. मी वर वर हसत म्हणाले, "मावशी, पुन्हा थोडी हवी आहे. आत्ताची. या वाटीत."

त्यांनी आणून दिली. पट्टी बुडवली. पिवळी.

पुन्हा बुडवली. पिवळीधमक.

एखादीला हायसं वाटलं असतं. माझ्यापुढे मात्र दुसरीच भीती उभी राहिली. मी लेबलं बदलली असणार! कुणाचा तरी आजार मावशींच्या नावावर लिहिला, आणि ज्या बाईला तो आजार आहे तिच्या नावापुढे "ठीक" लिहून बसले. वही काढली, नंबर पाहिले. मग लाल चिंधी आठवली. चिंधी मावशींनी स्वतः बांधली होती, कॅन त्यांच्या ओट्यावरून मी स्वतः उचलला होता. कॅन त्यांचाच. मग आतलं कुणाचं?

"मावशी, खरं सांगा. कॅनमध्ये तुमचीच होती ना सगळी?"

"मग काय गो, शेजारणीची?" त्या हसल्या.

"मावशी, मस्करी नाही."

"महालक्ष्मीची आण. माझीच."

आण घेतल्यावर मी चिडले. उलट लवकर कळायला हवं होतं, साध्या प्रश्नाला कुणी देवीला मध्ये आणत नाही. मी ओरडले की खोटं बोलू नका, मुंबईला गेल्यावर सगळं कळतं, तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल. काय काय बोलले. मावशी पुन्हा बोंबील निवडायला लागल्या. आशाताईंनी माझा दंड धरून मला बाजूला बसवलं. मग त्या मावशींच्या शेजारी बसल्या, चार बोंबील आपणही हातात घेतले आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मावशी, काल तुम्ही दिवसभर बाजारात होता. मग कॅन कुठे होता?"

"घरात."

"म्हणजे संध्याकाळी परत आलात तेव्हा कॅनमध्ये काहीच नसेल."

मावशींचे हात थांबले. "तळ भिजला नव्हता गो," त्या म्हणाल्या. "आणि ही म्हणते भरून पाहिजे, नाहीतर नाव कट. मग?"

मग त्यांनी तेच केलं जे त्या गल्लीत बायका एकमेकींसाठी करत आल्या आहेत. बाजाराला निघालेल्या बाईची पाटी अर्धी असेल तर ती तशी दाराबाहेर जाऊ देत नाहीत. शेजारची आपल्यातले दोन ओंजळ बोंबील टाकते, पलीकडची थोडा जवळा टाकते, पाटी भरते आणि मगच ती डोक्यावर जाते. अर्धी पाटी नेणं म्हणजे गल्लीची लाज. उद्या हिची कमी पडली की पहिलीने टाकायचं. त्याचा कुणी हिशेब ठेवत नाही, कुणी बोलूनही दाखवत नाही. कॅन भरत नव्हता, म्हणून तोही तसाच भरला.

"कोणी कोणी टाकली, मावशी?" मी पट्ट्यांची डबी काढत विचारलं.

"मी. सुनेने. शेजारणीने. शेजारणीच्या मुलीने." आणि वर मलाच समजावत, "सगळ्या निरोगी बायका आहेत, मॅडम. वाईट काय घातलंय त्यात?"

शेजारणीला हाक मारली. तिची पट्टी पिवळी. तिच्या मुलीला शाळेतून बोलावलं, ती बिचारी लाजून लाल झाली. पिवळी. त्या मुलीची पट्टी धरून मी एक मिनिट मोजत होते तेव्हाच मला कळून चुकलं होतं. कासारीण, साबण, दोन मापं मोठी बांगडी. माझा विनोद.

सून सकाळी सातलाच रिक्षाने झाईला गेली होती.

"ताई, तिचं प्रेशर कधी तपासलं होतं?"

आशाताईंनी पिशवीतून आपली वही काढली. "मागच्या महिन्यात. बरोबर होतं. या महिन्याचं तिकडे झाईला करायचं ठरलं होतं."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चौघींच्या लघवीत मिसळूनसुद्धा पट्टी एवढी हिरवी आली. मग जिची आहे तिच्या एकटीची केवढी असेल? गरोदर बाईच्या लघवीत अशी प्रथिनं, अंगावर सूज, हे आम्ही डिप्लोमाला परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्यापुढे काय होतं तेही वाचलं होतं. झटके येतात. आई जाते, बाळ जातं, कधी दोघं. सुनेला फोन लावला, लागेना. माहेरचा नंबर लावला, वाजून वाजून बंद झाला. मुलगा समुद्रात, त्याला कुठून गाठणार?

मावशींना आम्ही सगळं सांगितलं नाही. पण त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या. पदर खोचला, बोंबील तसेच टाकले आणि म्हणाल्या, "मी येते."

डहाणू ते झाई तसं फार लांब नाही. त्या दिवशी घोलवडच्या चिकूच्या बागा संपता संपत नव्हत्या. बोर्डीला पुढे एक टेम्पो आडवा लागला होता, मी रिक्षातून उतरून त्या ड्रायव्हरला काय बोलले ते इथे लिहिता यायचं नाही. बोर्डी गेल्यावर मावशींनी एवढंच विचारलं, "बांगडी जात नव्हती, ते त्यामुळे?" मी हो म्हटलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

झाईला पोचलो तेव्हा पोरगी अंगणात खुर्चीवर बसली होती. पाय कोमट पाण्याच्या टबमध्ये, पाण्यात मूठभर मीठ. सूज उतरते म्हणून तिच्या आईने दिलं होतं. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. आम्हा तिघींना बघून ती गोंधळली. "डोकं दुखतंय जरा," ती म्हणाली. "रिक्षात ऊन लागलं असेल. आणि डोळ्यांपुढे चमकतंय."

मी मशीन लावलं. एकशे सत्तर, एकशे दहा. दुसऱ्या हाताला लावलं. तेच. मग तिला वाटीत थोडी लघवी द्यायला सांगितली. पट्टी मिनिटभर थांबलीच नाही, बुडवल्या बुडवल्या काळपट हिरवी झाली. आशाताईंनी तिथल्या तिथे अँब्युलन्सला फोन लावला.

तेवढ्यात तिची आई चुलीपाशी होती ती बाहेर आली. आम्ही सांगायला लागलो तशी तिच्या कपाळाला आठी पडली. "आज पाऊल टाकलंय पोरीने घरात. अजून ताटावर बसली नाही. आल्या पावली परत नेता? बाळंतपणाला आलेली पोर अशी परत गेली तर चांगलं होतं का कधी?" मी म्हटलं प्रेशर वाढलंय. ती म्हणाली, प्रवासाने वाढतं, उद्या नेऊ. मी पट्टी दाखवली. ती म्हणाली, तुमच्या मिठाच्या तपासणीत माझी पोर आलीच कुठून, तिचं नाव आहे का कागदावर? नव्हतं. मग ती मावशींकडे वळून म्हणाली, "सरळ सांगा ना विहीणबाई, बाळंतपण इथे नको होतं तुम्हाला."

मी भडकले. "अहो, तुमची मुलगी मरेल!" असं त्या मुलीसमोर, गल्लीसमोर ओरडले. असं कधी बोलू नये हे मला कळतं. पण आतून मी इतकी घाबरले होते की ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पोरगी रडायला लागली. तिची आई तर आणखी ताठ झाली, दारात आडवी उभी.

मग मावशी खाली बसल्या. अंगणात, मातीत. आणि विहिणीपुढे हात जोडले.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "माझा कॅन भरत नव्हता म्हणून मी हिची लघवी माझ्या नावावर घातली. वर महालक्ष्मीची खोटी आण घेतली. हिचा आजार माझ्या कॅनमध्ये निघाला, विहीणबाई. मी खोटं केलं म्हणून कळलं. आता तरी पाठवा. बाळंतपण तुमच्याकडेच करू, पुढची सगळी तुमच्याकडेच करू, मी कधी बोलणार नाही."

सासू विहिणीसमोर अशी मातीत बसलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. मुलीच्या आईनेही पाहिली नसावी. ती आत गेली आणि ताटलीत भात आणि मासळीचं कालवण घेऊन आली. "एक घास तरी," ती म्हणाली. "माझ्या घरातून उपाशी नाही जाणार." मी म्हटलं नको, ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं पाहिजे. तिचे डोळे भरून आले. शेवटी तिने एक शीत बोटाने मुलीच्या ओठांना लावलं, आपल्याच पदराने पुसलं, आणि म्हणाली, "चला."

अँब्युलन्सला यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी सात वेळा प्रेशर पाहिलं. आशाताई शेवटी म्हणाल्या, "बघून कमी होणार आहे का ते?"

दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं आणि पोरीला झटका आला. डोळे वर, दात घट्ट, अंग ताठ. हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या स्ट्रेचरच्या कडेवर आपटून फुटल्या. मावशींनी तिचे पाय धरले होते, तिच्या आईने डोकं. अँब्युलन्समधले डॉक्टर शांतपणे इंजेक्शन भरत होते आणि मी, फार्मसी शिकलेली, कोपऱ्यात बसून त्या इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. बरोबर आहे ना, बरोबर आहे ना. बरोबर होतं.

तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दीड किलोची, दोन्ही तळव्यांवर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, तिच्या आईला दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी सुनेने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा दोन्ही विहिणी एकाच वेळी तांब्याकडे धावल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "वेळेवर पकडलं कुणी?" मी म्हटलं, "कॅनने." त्यांना वाटलं मी थकले आहे. थकलेच होते.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोघी वाचल्या, फार बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "पण तो नमुना बाद करावा लागेल, कळतंय ना?" कळत होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. फॉर्मवर एक रकाना असतो, नमुना पूर्ण आणि फक्त त्याच व्यक्तीचा आहे का. मी "नाही" वर खूण केली आणि सही केली.

त्यानंतर मात्र मला चैन पडेना. मी त्या दिवशी बरोबर सांगितलं असतं तर? "जेवढी होईल तेवढी, फक्त तुमची" असं म्हणाले असते, मावशींनी ऐकलं असतं, तर कॅन अर्धा आणि पिवळा आला असता. मी "होय" वर खूण करून नळ्या मुंबईला पाठवल्या असत्या. आणि झाईच्या त्या अंगणात पोरीने मिठाच्या पाण्यात पाय सोडून पोटभर भात खाल्ला असता. मग माझ्या खोलीत आलेले बाकीचे कॅन, शेकडो, बरोबर भरलेले, ज्यांच्यावर मी "होय" लिहिलंय, त्या घरांतल्या दुसऱ्या बायकांचं काय? रस्त्याने जाताना मला दारं दिसायची आणि दारांआड माझ्या यादीत नसलेल्या बायका. भीतीच वाटायची.

चार महिन्यांनी अभ्यासाची दुसरी फेरी आली. मी पुन्हा त्याच गल्लीत कॅन घेऊन उभी. या वेळी प्रत्येकीला वेगळं बसवून सांगितलं, सावकाश, दोन दोन वेळा. मावशींना तीन वेळा. "फक्त तुमची. कमी आली तरी चालेल. नाव कट होणार नाही."

"फक्त माझी?"

"फक्त तुमची."

सून मागे दारात उभी होती, मांडीएवढ्या पोरीला खांद्यावर घेऊन. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग ह्यांचं कोण बघणार गो?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं विचारलं. मी लेबल चिकटवलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन न्यायला गेले. मावशींच्या ओट्यावर त्यांचा कॅन होता, लाल चिंधी बांधलेला, जेमतेम पाव भरलेला. बरोबर भरलेला. आणि त्याच्या शेजारी ओट्याच्या कडेला औषधांच्या धुतलेल्या बाटल्या भरून एका रांगेत मांडल्या होत्या. नऊ. प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची चिंधी.

"मिसळलं नाही काही," मावशी म्हणाल्या. "जिचं तिचं वेगळं आहे. बघ."

पट्ट्या मोजून आलेल्या होत्या. सर विचारणार, जास्तीच्या कुठे गेल्या. काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. बायका ओट्याभोवती येऊन उभ्या राहिल्या, कुणी हसत नव्हती. त्यांच्यात एक नवी सून होती, पोट नुकतंच दिसायला लागलेली, तिच्या बाटलीला पिवळी चिंधी. मी तीच बाटली आधी उचलली, पट्टी बुडवली आणि घड्याळात बघायला लागले.